ब्रॉयलरला (मांसाच्या कोंबड्यांना) पाण्यातून प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी जिवंत जंतू) देताना

लॅक्टोबॅसिलस या प्रोबायोटिकचं पाकीट पाण्याच्या टाकीत ओतलं आणि त्याच टाकीत सकाळी ब्लिचिंग पावडर टाकलेली असेल, तर पैसे पाण्यात गेले. तिच्यातला क्लोरीन जंतू मारताना चांगला-वाईट बघत नाही. आदल्या रात्रीपासून क्लोरीन बंद ठेवा. नळाचंच, म्हणजे क्लोरीनचं पाणी असेल तर त्याचा जोर मारायला लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर ढवळून वीस-तीस मिनिटं थांबा, मग प्रोबायोटिक घाला. चार तासांत संपेल एवढंच पाणी करा, नंतर निपल लाइन (कोंबड्या जिच्या तोट्यांतून पाणी पितात ती नळी) फ्लश करा. नाहीतर दुधाचा चिकट थर आत बसतो आणि निपल गळून खालचं लिटर, म्हणजे शेडमधलं अंथरूण, ओलं होतं.

अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक देऊ नका. कोर्स संपल्यावर लगेच सुरू करा, तेव्हाच आतड्याला खरी गरज असते. पेलेट (खाद्याच्या दाबलेल्या गोळ्या) बनवताना खाद्यात मिसळायचं असेल तर बॅसिलस जातीचं प्रोबायोटिकच घ्या, त्याचे बीजाणू त्यातली उष्णता सोसतात.

हळद द्यायची तर ५० किलोच्या पोत्याला २५० ग्रॅम. आधी दोन किलो खाद्यात कालवा, मग पोत्यात. थेट टाकली तर तळाशी गोळा होते. फार भडक पिवळी, स्वस्त हळद नकोच, तिच्यात शिशाचा रंग असू शकतो.