चिखलातून आलेली एटीव्ही धुताना

चिखलात मनसोक्त लोळून आलेली एटीव्ही (हँडलने वळवायची, कच्च्या वाटांवर चालणारी छोटी चारचाकी) समोर उभी असली की पहिला मोह होतो तो प्रेशर वॉशर काढून पाच मिनिटांत ती लखलखीत करण्याचा. मी सुरुवातीला तेच करायचे. गाडी दिसायला नवी कोरी, आणि मागच्या उजव्या चाकातून मात्र गुरगुर. चाक उतरवलं, हब (चाकाचा मधला भाग) उघडला, तर बेअरिंगमधलं ग्रीस गायब आणि आत गंजाचं तांबूस पाणी. दोष चिखलाचा नव्हता. जेमतेम वीतभर अंतरावरून बेअरिंगच्या रबरी सीलवर फवारा धरून ते पाणी मीच आत दामटलं होतं. तेव्हापासून एटीव्ही धुताना माझं निम्मं लक्ष पाणी कुठे मारायचं नाही याकडे असतं.

आल्या आल्या पाइप हातात घ्यायचा नाही. गाडी आधी निवू द्यायची, इंजिनाच्या केसिंगवर तळहात बिनधास्त टेकवता येईल इतकी. तापलेल्या डिफरन्शियलवर (चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि गिअरबॉक्सवर गार पाणी पडलं की आतली हवा एकदम आकसते आणि झिजलेल्या सीलमधून बाहेरचं पाणी आत ओढून घेते. हा वेळ वाया जात नाही. ओला चिखल लाकडी पट्टीने ढेकळं ढेकळं करत पडतो. तोच वाळला की दगड होतो. फेंडरच्या आतल्या कडा, चाक धरणाऱ्या ए-आर्मच्या बेचक्या, पाय ठेवायच्या जागा एवढं खरवडून घ्यायचं. सायलेन्सरच्या आसपास अडकलेलं गवत मात्र चिमटीने वेचून काढायचं, कारण वाळलेलं गवत आणि तापलेला पाइप यांची जोडी आग लावू शकते.

मग बोळे. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा आणि हवा आत घेणाऱ्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, रबर लावून. बोळा काढायला विसरण्यात मी पटाईत आहे, म्हणून गाडीची किल्ली त्याच फडक्याला बांधून ठेवते. किल्ली हवी, तर बोळा काढावाच लागतो.

पहिलं पाणी साध्या नळीचं, कमी दाबाचं, वरून खाली. हेतू धुण्याचा नाही, भिजवण्याचा. दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग गाडीचा शॅम्पू आणि मऊ ब्रश. शॅम्पू उन्हात वाळू द्यायचा नाही, प्लास्टिकवर डाग राहतात. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर पंख्यासारखा पसरणारा फवारा लावायचा, हातभर अंतर ठेवायचं आणि टायर, रिम, फेंडरची आतली बाजू, खालची स्किड प्लेट (तळाचं संरक्षक आवरण) एवढ्यावरच थांबायचं. चाकांचे हब, अॅक्सलचे रबरी बूट (सांध्यांवरची घडीदार आवरणं), सस्पेन्शनचे बुश, वायरींचे जोड, हँडलवरची बटणं, एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी), सीट यांना साधी नळी आणि हातातला ब्रश पुरे.

रेडिएटरवर मात्र घाई चालत नाही. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आपण खूश होतो, पण मधल्या फटींत चिखलाची वीट थापलेली असते. पुढच्या वेळी चढावर इंजिन तापायला लागतं, पंखा थांबायचं नाव घेत नाही, आणि माणूस कूलंट संपलं का ते बघत बसतो. रेडिएटरच्या अॅल्युमिनियमच्या पात्या कागदासारख्या पातळ असतात. जोराचा फवारा मारला की आडव्या पडतात आणि हवेची वाटच बंद होते. शिवाय चिखल घुसतो पुढून, तेव्हा त्याला बाहेरही पुढूनच काढायचा. म्हणजे नळी पंख्याच्या बाजूला न्यायची आणि मागून पुढे हलकं पाणी सोडत राहायचं. आधी गढूळ ओघळ येतो, मध्येच पाणी स्वच्छ दिसतं, परत एक तांबडी गुठळी निसटते. खात्री करायची असेल तर मागून बॅटरी धरायची. जिथून उजेड आरपार येत नाही तिथे चिखल आहे. आडव्या झालेल्या पात्या बोथट, पातळ पट्टीने हळूच उभ्या करता येतात, पण एकेकच.

स्किड प्लेट दर वेळी उघडायची गरज नाही. चार-पाच चिखल-फेऱ्यांनंतर एकदा उघडा आणि आत काय साचलंय ते बघा, म्हणजे पुढच्या वेळी सांगावं लागणार नाही. खाली वाकलेलेच असाल तर अॅक्सलच्या बुटांच्या प्रत्येक घडीवरून बोट फिरवा. चीर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागते. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतील तर बूट फाटलाच समजा. बूट वेळेवर बदलला तर सांधा वाचतो. तसंच चालवत राहिलात तर आत गेलेली वाळू सांधा खाऊन टाकते. अॅक्सलला गुंडाळलेलं गवत, दोरी किंवा तार असेल तर कापून काढा, नाहीतर ती सरकत सरकत सीलपर्यंत पोचते आणि सील कापते.

आता वाळवणं. बोळा आणि पिशवी काढा, ब्लोअरने वायरींच्या जोडांतलं आणि खाचांतलं पाणी उडवा, मग, पुढे सांगितलेल्या एअरबॉक्सच्या नळीत पाणी नाही आणि तेल दुधट नाही हे बघून, इंजिन काही मिनिटं चालू ठेवा. बेल्टवर चालणारी गाडी असेल तर सीव्हीटीच्या (बेल्टच्या गिअरयंत्रणेच्या) झाकणाखालचं ड्रेन बूच उघडून बघा. पाणी निघालं तर ते निथळू द्या, आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडी रेस करा म्हणजे बेल्ट वाळतो. ओला बेल्ट घसरतो, घसरून तापतो आणि त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. नंतर सावकाश थोडं अंतर चालवून ब्रेक हलके दाबत राहायचं. खरखर ऐकू आली तर पॅडमध्ये वाळू आहे. पॅड किती उरलेत तेही तेव्हाच बघून घ्या.

एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवायचा. पिळायचा नाही, फाटतो. पेट्रोलमध्ये तर अजिबात बुडवायचा नाही. पूर्ण वाळल्यावर फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं मुरवायचं. कागदी फिल्टर भिजला असेल तर सरळ नवा घाला. एअरबॉक्सच्या तळाला लहानशी ड्रेन नळी असते. तिच्यात पाणी साचलेलं दिसलं तर फिल्टर उघडून बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

इंजिन तेलाची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बाहेर काढा. तेल दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय, आणि मग गाडी घरापर्यंतसुद्धा चालवायची नाही. डिफरन्शियलचं बूच उघडून तिथेही तेच तपासायचं. खोल पाण्यातून गेला असाल तर हे टाळूच नका, कारण डिफरन्शियलच्या श्वासनळ्या (आतली हवा ये-जा करणाऱ्या बारीक नळ्या) कुठे उघडतात त्यावर सगळं अवलंबून असतं आणि जुन्या गाडीत त्या नळ्या हमखास निसटलेल्या असतात.

ग्रीस गन मी सगळ्यात शेवटी काढते. ग्रीस भरायचं निप्पल आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर तोंडावरची माती आपणच आत ढकलतो. मग जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. कधी कधी त्याच्यासोबत पाण्याचा थेंबही येतो, आणि तो बाहेर पडताना बघून मला फार बरं वाटतं. चेनची गाडी असेल तर रॉकेल, मऊ ब्रश आणि मग चेनचं तेल. विंचची (अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राची) दोरी पूर्ण सोडून, धुऊन, वाळवून, ताण देत पुन्हा गुंडाळायची. प्लास्टिकवर चकाकीचा स्प्रे मारायचा तर मारा, पण सीटवर, पाय ठेवायच्या जागी आणि ब्रेकच्या डिस्कच्या आसपास नको.

ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. रात्री खाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा. पाण्याचे डाग सकाळपर्यंत वाळून जातात. तेलाचा किंवा कूलंटचा चट्टा मात्र राहतो, आणि गळती बहुतेक त्याच्या बरोबर वरच सापडते.