माशांची पिल्लं जगत नाहीत? आधी या चुका टाळा

अंडी फुटली, बारीक शेपट्या वळवळायला लागल्या, की हात शिवशिवतात आणि खाण्याची चिमूट टाकीत पडते. इथेच पहिली चूक होते. नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते आणि ती संपत येईपर्यंत त्याला बाहेरचं काही लागत नाही. टाकलेलं सगळं तळाशी कुजतं. पिल्लू आडवं, मोकळं पोहायला लागलं की मगच खायला द्यायचं. फायटर (बेटा) माशाची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत पिल्लं पोहतात. एंजल माशाच्या पिल्लांना अंड्यातून निघाल्यावर पोहायला चार-पाच दिवस लागतात.

गप्पी, मॉली यांच्या बाबतीत हा प्रश्नच नाही. ती जन्मतःच पोहतात आणि बारीक चुरलेला फ्लेकही (माशांच्या खाण्याचे पातळ पापुद्रे) खातात. त्यांना फक्त मोठ्या माशांपासून वेगळं काढा, आईसुद्धा त्यातच आली.

खाणं ऐनवेळी शोधणं

माझ्या मते सर्वाधिक पिल्लं यामुळेच जातात. फायटरच्या पिल्लाचं तोंड इतकं लहान असतं की फ्लेकची पूडही त्याला मोठी पडते. त्याला सुरुवातीला इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, नाहीतर व्हिनेगर ईल, म्हणजे बारीक कृमी, लागतात. जुन्या टाकीच्या पाण्यात वाळलेलं पान टाकून ठेवलं की इन्फुसोरिया तयार होतं, पण त्याला चार-पाच दिवस सहज जातात. म्हणून त्याची बरणी माशांची जोडी लावण्याआधी भरायची, अंडी दिसल्यावर नाही. उकडलेल्या अंड्याचा बलक हा सोपा उपाय सगळे सांगतात. मी तो टाळायलाच सांगेन. टाचणीच्या टोकाएवढा जास्त झाला तरी सकाळी पाणी दुधाळ दिसतं.

आर्टेमिया उबवून तसंच ओतणं

एंजलची पोहती पिल्लं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं, थेट खातात, फायटरची काही दिवसांनी. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश तापमान, वर दिवा आणि तळापासून जोरात हवा एवढं जमलं की २४ ते ३६ तासांत आर्टेमियाची अंडी फुटतात. फुटली नाहीत तर आधी तापमान आणि हवा तपासा, मग अंडी किती जुनी आहेत ते बघा.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात. बाजूला खाली टॉर्च धरला की नारिंगी ढग दिसतो. तेवढाच नळीने ओढा, बारीक कापडात गाळा, गोड्या पाण्याने धुवा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकू शकतात. शिवाय आर्टेमिया ताजंच द्या, तासागणिक त्यांच्या अंगातला पोषक बलक संपत जातो.

खाल्लं की नाही हे ओळखायला भिंग घ्या. अंग पारदर्शक असल्यामुळे भरलेलं पोट नारिंगी गोळीसारखं दिसतं. अर्ध्या तासानेही पोट सपाट आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसत असेल, तर पिल्लू उपाशी आहे. एकदाच भरपूर घालण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या.

पोटं भरलेली, तरी रोज मरतात?

मग दोष पाण्याचा. उरलेलं खाणं कुजून अमोनिया वाढतो. रोज १० ते २० टक्के पाणी एअर पंपाच्या बारीक नळीने तळातून काढा आणि त्याच तापमानाचं, क्लोरीन घालवलेलं पाणी थेंबाथेंबाने सोडा. फिल्टर स्पंजचाच हवा, मोटरचा पिल्लं ओढून घेतो.

अंडी पांढरी पडत असतील तर बहुधा ती फळलेलीच नसतात. त्यांवरची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरू नये म्हणून ती काढून टाका. मिथिलीन ब्ल्यू हे बुरशी रोखणारं निळं औषध वापरायचं तर वेगळ्या भांड्यात, कारण त्याने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात.

फायटरवाल्यांनी टाकीवर झाकण ठेवायला विसरू नये. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लं पृष्ठभागावरची हवा घ्यायला शिकतात आणि तेव्हा वरची हवा थंड असली तर धडधाकट पिल्लंही दगावतात.