पांढऱ्या रश्श्यातला पास्ता, दूध न फुटू देता

श्रावण लागला की आमच्याकडं मटणाचं मोठं पातेलं माळ्यावर जातं आणि चौथ्या दिवसापासून रश्श्याची आठवण निघायला लागते. त्यावर मी शोधलेली तोड म्हणजे शाकाहारी पांढरा रस्सा, आणि पोरं वाटी बाजूला सारतात म्हणून त्यातच पास्ता. इंटरनेटवर याच नावाखाली जे दाखवतात ते म्हणजे मैद्याचा व्हाइट सॉस, वर खोबऱ्याचा कीस. त्याला रस्सा म्हणू नका. मैदा नको, क्रीम नको, आणि चीज तर अजिबात नको. चीज पडलं की वेलची-दालचिनीचा वास मेलाच.

चौघांना एक मोठा नारळ, पाव किलो पेने, दोनशे ग्रॅम मशरूम, वीस काजू, एक चमचा खसखस, दोन चमचे पांढरे तीळ, दोन कांदे, आलं-लसूण, तीन हिरव्या मिरच्या आणि खडा मसाला एवढं पुरतं. खडा मसाला म्हणजे दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा, चार हिरव्या वेलच्या, आठ-दहा मिरे, एक तमालपत्र. हळद नाही. खसखस मी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातून थोडी थोडीच आणते, जुनी झाली की खवट लागते.

काजू, तीळ, खसखस गरम पाण्यात तासभर भिजवा आणि गंधासारखं बारीक वाटा. तीळ भाजू नका, रंग जातो. खसखस मिक्सरला दाद देत नसेल तर आधी ती एकटी, अगदी थोड्या पाण्यात फिरवा. मशरूमचे देठ, कांद्याचा एक तुकडा, फ्लॉवरचा दांडा आणि दोन मिरे तीन कप पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळून घ्या. मटणाच्या रश्श्यात जे काम अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, करतं, ते इथं या पाण्यानं करायचं.

नारळाचं दूध दोनदा काढा. खोवलेल्या नारळात एक कप कोमट पाणी घालून फिरवा, फडक्यातून घट्ट पिळा: हे पहिलं, दाट. त्याच चोथ्यात दीड कप पाणी घालून पुन्हा पिळा: हे दुसरं, पातळ. दोन्ही वेगळी ठेवा. कुणी एकत्र करायला सांगितलं तर ऐकू नका, का ते पुढं कळेल.

तेलात खडा मसाला, मग उरलेला कांदा. तो तांबूस होऊ न देता मऊ करा, त्यात आलं-लसूण-मिरचीचं वाटण, मग मशरूमचे काप. पाणी सुटून आटलं की काजूचं वाटण घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं परता. नंतर मशरूमचं पाणी आणि पातळ दूध ओतून दहा मिनिटं खदखदू द्या. इथवर काही बिघडत नाही.

बिघडतं ते दाट दूध घालताना. माझं पहिल्यांदा फुटलं तेव्हा घरी पाहुणे होते. मोठा जाळ, भांड्यावर झाकण, आणि मी बाहेर गप्पा मारत. परत आले तर वर तेलाचे पिवळट थेंब तरंगत होते आणि खाली दाणेदार, पाणचट काहीतरी. सासूबाई आत डोकावल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, जाळ कमी कर. त्यो रस्सा हाय, चा न्हवं."

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात आणि त्यांना प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. साधारण ८० अंशांपुढं ही प्रथिनं गोठायला लागतात, पकड सुटते आणि तेल वर येतं. म्हणून दाट दूध शेवटी. पातळ दुधात तेल कमी, त्यामुळं ते उकळी बऱ्यापैकी सोसतं. शिवाय काजू-तिळाच्या वाटणाचा दाटपणा मदतीला असतो. वाटणात कंजुषी केली की फुटण्याची भीती वाढते.

मी आता असं करते. गॅस बंद. दोन मिनिटं थांबायचं, बुडबुडे पूर्ण निवले पाहिजेत. एका वाटीत दाट दूध घेऊन त्यात दोन पळ्या गरम रस्सा हळूहळू मिसळायचा, म्हणजे दुधाला एकदम चटका बसत नाही. मग ते पातेल्यात बारीक धारेनं सोडायचं आणि डाव फिरवत राहायचं. मग सगळ्यात बारीक आच, तीन-चार मिनिटं. कडेला वाफ दिसली पाहिजे, बुडबुडा दिसला की पातेलं उचला. झाकण ठेवायचं नाही. लिंबू, दही, टोमॅटो काही नाही. आंबट पडलं की दूध आणखी लवकर फुटतं. "चव उठते" म्हणून लिंबू पिळायला सांगणाऱ्यांनी हा रस्सा कधी केलेला नाही, असं मी खुशाल म्हणते.

तरीही फुटलाच तर ओतून देऊ नका. खडा मसाला आणि मशरूम काढून घ्या, पाच-सहा भिजवलेले काजू टाका, कोमट झाल्यावर मिक्सरमधून काढा. पुन्हा मिळून येतो. मात्र नंतर तापवू नका, लगेच वाढा.

पास्ता मिठाच्या पाण्यात पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी शिजवा. पाण्यात तेल घालू नका, शिजल्यावर नळाखाली धुऊ नका. अंगावरचं पीठ गेलं की रस्सा त्याला चिकटत नाही. एक कप पाणी राखून ठेवा. पास्ता दाट दूध घालायच्या आधी, पातळ रश्श्यातच दोन मिनिटं शिजवून घ्या आणि मग वरची कसरत करा. फार दाट वाटला तर राखलेलं पाणी. मीठ शेवटी चाखून.

आता तांबडा, म्हणजे वरून सोडायचं तिखट तेल. कढल्यात दोन चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, दहापर्यंत मोजा आणि मगच चमचाभर कांदा-लसूण चटणी टाका. घाई केली तर चटणी काळी पडून कडवट होते. हे तेल ताटात वाढल्यावर वरून सोडायचं, पातेल्यात नाही. पांढऱ्यावर तांबडी रेघ उमटली की आमचा धाकटा आधी तीच बोटानं पुसून खातो.

उरला तर सकाळी थेट गॅसवर ठेवू नका, गरम पाण्याच्या परातीत वाटी ठेवून कोमट करा. पास्ता तोवर फुगून मऊ झालेला असतो, तो पोरं खात नाहीत. मी शाळूची भाकरी कुस्करते, वर तोच रस्सा घेते आणि कांदा फोडते.