लिनक्सच्या आवृत्तीचा सपोर्ट संपलाय? या चुका टाळा

अमळनेर-पारोळ्याकडे एखाद्या दुकानात मशीनवरची जुनी लिनक्स आवृत्ती बदलायचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, मशीन ते चाली राह्यनं, मंग तुम्ही कसाले हात लावतस?" शंका रास्त आहे. सपोर्ट संपला म्हणून मशीन एका रात्रीत बंद पडत नाही. बिलं निघतात, ब्राउझर उघडतो, टायपिंग चालतं. थांबतात ते सुरक्षेचे अपडेट. त्रुटी सापडणं मात्र थांबत नाही. नव्या आवृत्तीत एखादं भोक बुजवलं की त्याची माहिती जगजाहीर होते, आणि तेच भोक तुमच्या जुन्या मशीनवर उघडं राहिलेलं असू शकतं. म्हणून सपोर्ट संपल्यानंतरचा प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा जास्त धोक्याचा.

लिनक्सचे उबुंटू, मिंट, सेंटओएस, डेबियन असे वेगवेगळे प्रकार आहेत. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. त्यावर बेतलेल्या लिनक्स मिंट २० चा त्याच्या आदल्या महिन्यात, आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. आपली आवृत्ती कोणती हे सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर दिसतं. 'सगळं अद्ययावत आहे' या अपडेटरच्या संदेशावर विसंबू नका. नवे अपडेट यायचेच बंद झाले तरी तो हेच म्हणतो.

एरर घालवली म्हणजे मशीन बरं झालं, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक ही. सपोर्ट संपला की काही काळाने पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार फाइली, नेहमीच्या सर्व्हरवरून हलवून जुन्या संग्रहात टाकतात. मग एक दिवस अपडेट करताना '४०४ नॉट फाउंड' येतं. सेंटओएस ७ वर तर मिररच्या, म्हणजे पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, यादीचा पत्ताच सापडत नाही. कुणीतरी पत्ता बदलून जुन्या संग्रहाचा टाकतो, एरर जाते, पैसे घेतो आणि निघतो. मालक निर्धास्त. पण त्या संग्रहात शेवटच्या दिवशी जे होतं तेवढंच आहे, नवा सुधार तिथे कधीच येणार नाही. एखादं अडलेलं पॅकेज बसवायला किंवा स्थलांतराची तयारी करायला तो पत्ता जरूर वापरा. कायमचा इलाज म्हणून नको. सेंटओएस ७ वाल्यांनी अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स या त्याच धाटणीच्या लिनक्सवर जायची तारीख ठरवावी.

याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे जुन्या डेबियनमध्ये नव्या डेबियनचे पत्ते घुसवून एखादंच नवं सॉफ्टवेअर ओढून घेणं. त्याच्यासोबत मूळ लायब्ररी, म्हणजे बाकीची सॉफ्टवेअर ज्यांवर चालतात त्या फाइली, बदलतात आणि सिस्टिम धड जुनी राहत नाही, धड नवी होत नाही.

टाइमशिफ्टला बॅकअप समजणं

टाइमशिफ्ट हे सॉफ्टवेअर सिस्टिमच्या फाइलींचा फोटो, म्हणजे त्या क्षणाची प्रत, काढून ठेवतं. तुमचं होम फोल्डर, म्हणजे बिलं, फोटो, शाळेचे निकाल, ते सुरुवातीच्या सेटिंगमध्ये सोडून देतं. शिवाय तो फोटो बहुतेकदा त्याच हार्ड डिस्कवर असतो. कामाच्या फाइली वेगळ्या एक्सटर्नल डिस्कवर घ्या, आणि दुसऱ्या मशीनवर दोन-चार उघडून पाहा. अकाउंटिंगचा डेटाबेस असेल तर फोल्डर उचलून नेऊ नका, त्याचा रीतसर डंप, म्हणजे डेटाबेसमधूनच काढलेली पूर्ण प्रत, काढा. उबुंटू २०.०४ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसची १२ वी आवृत्ती आहे, २२.०४ मध्ये १४. जुनं फोल्डर नव्याला तसंच चालत नाही.

मधली पायरी गाळणं आणि चुकीचा दिवस निवडणं

उबुंटू २०.०४ वरून थेट २४.०४ वर उडी नाही. आधी २२.०४, मग पुढे. नाहीतर सरळ नवं इन्स्टॉलेशन. लॅबच्या एकसारख्या मशीनना मी नवं इन्स्टॉलेशनच सुचवीन, कमी कटकटीचं पडतं.

कापसाचा हंगाम चालू असताना जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन उघडू नका, आणि ॲडमिशनच्या दिवसांत सेतू केंद्रातलंही नाही. आपल्याकडचा मे महिनाही टाळावा असं माझं मत आहे. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात, पत्र्याखालच्या खोलीत धूळ बसलेला पंखा आणि वर लाइटचा भरवसा नाही. पाऊस पडून हवा गार झाली की जिनिंगही थंडावलेलं असतं, तेव्हा करा. इन्व्हर्टर हवाच. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली. डाउनलोड एक-दोन जीबीच्या आसपास असतं, मोबाइलचा हॉटस्पॉट मध्येच संपणार नाही एवढं पाहा.

तरीही लाइट गेली तर? घाबरून लगेच फॉरमॅट मारू नका. मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत जा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून रिकव्हरी मोड निवडा. तिथे आधी नेटवर्क चालू करा, मग 'डीपीकेजी' हा पर्याय घ्या. अर्धवट बसलेली पॅकेजेस तो पुरी करायचा प्रयत्न करतो, आणि बऱ्याचदा तेवढ्याने गाडी रुळावर येते.

प्रिंटरचा विचार न करणं

एचपी लेझरजेट १०२० अजून कितीतरी झेरॉक्सच्या दुकानांत आहे. अपग्रेडनंतर तो यादीत दिसतो, प्रिंट दिली की गेलीसुद्धा म्हणतो, पण कागद बाहेर येत नाही. कारण त्याला एचपीचं वेगळं प्लगइन लागतं, आणि एचपीलिप या लिनक्सवरच्या एचपी ड्रायव्हरची आवृत्ती बदलली की ते प्लगइन पुन्हा बसवावं लागतं. त्यासाठी नेट हवं. कॅनन एलबीपी २९०० चा ड्रायव्हर तर आणखी हट्टी आहे. म्हणून नवी आवृत्ती आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. वायफाय, आवाज आणि मराठी कीबोर्ड तपासा, मगच हात घाला.

उबुंटूवरून आज हलणं शक्यच नसेल तर उबुंटू प्रो ही वाढीव सपोर्टची योजना पाहा. वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत ते फुकट आहे आणि त्यावर २०.०४ ला २०३० पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. जुन्या ३२-बिट मशीनला ही वाट नाही, डेबियन १३ सुद्धा त्यावर नव्याने बसत नाही. असं मशीन फक्त जुनी बिलं पाहायला ठेवायचं असेल तर नेटची वायर काढून ठेवा, आणि बँकेचं काम दुसऱ्या मशीनवर करा.