शीतयुद्धावर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

शीतयुद्धावरचं जवळपास प्रत्येक उत्तर 'भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद' या ओळीनं सुरू होतं. सुरुवातीला हरकत नाही. पुढची चार पानंही त्याच ओळीवर रेटली की उत्तर फसतं.

सगळ्याचं कारण विचारसरणीत शोधणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. युगोस्लाव्हियाचा नेता टिटो पक्का कम्युनिस्ट, तरी १९४८ मध्ये त्याचं स्टॅलिनशी फाटलं. चीन आणि सोव्हिएत संघ दोघंही मार्क्स-लेनिनचं नाव घेणारे, पण १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावरून त्यांच्यात गोळीबार झाला. ही फूट वॉशिंग्टननं बरोबर हेरली. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये खुद्द निक्सन माओंना भेटले. निक्सन म्हणजे कम्युनिस्टविरोधाच्या जोरावर राजकारणात वर आलेला माणूस! अमेरिका आणि चीन असे जवळ येत असतानाच ९ ऑगस्ट १९७१ ला दिल्लीत भारत-सोव्हिएत करारावर सह्या झाल्या होत्या. 'वैचारिक संघर्ष' एवढंच लिहिणाऱ्याला ही साखळी जोडताच येत नाही.

अलिप्तता म्हणजे तटस्थता असं लिहिणं. इथं गोव्याचं उदाहरण द्या; मराठी मुलांच्या उत्तरात ते क्वचितच दिसतं, याचं मला नवल वाटतं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. गोवा ज्याच्या ताब्यात होतं तो पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या लष्करी आघाडीचा, संस्थापक सदस्य. भारतानं सैन्य मागं घ्यावं, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत मांडला. बाजूनं ७ मतं, विरोधात ४. पण त्या चारांत सोव्हिएत संघ होता आणि त्याच्या नकाराधिकारामुळे ठराव पडला. बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झाली होती. गटात सामील न होता गटांमधल्या चुरशीचा उपयोग कसा करून घेता येतो, हे या एका प्रसंगात दिसतं.

जाता जाता: आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद (१९५५) ही अलिप्त चळवळीची पहिली परिषद नव्हे. तिथं पाकिस्तानही होता, आणि तो तेव्हा सिएटोचा, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकारानं झालेल्या आग्नेय आशियातल्या लष्करी गटाचा, सदस्य होता.

क्यूबाच्या पेचात केनेडी सरळ जिंकले असं समजणं. ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्हनी क्यूबातली क्षेपणास्त्रं मागं घेतली, हे सगळ्यांना पाठ असतं. तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं अमेरिकेनं खासगीत कबूल केलं होतं, ही दुसरी बाजू मात्र गळते.

सालं. नाटो १९४९, सोव्हिएत गटाचा लष्करी वॉर्सा करार १९५५. नाटो झाली म्हणून लगेच वॉर्सा करार झाला, असं नाही. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोत आला आणि काही दिवसांतच हा करार झाला. बर्लिनची भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, सोव्हिएत संघ विसर्जित झाला डिसेंबर १९९१ मध्ये. या दोन घटना एकाच वाक्यात कोंबू नका, मधल्या दोन वर्षांत जर्मनीचं एकीकरण झालं आणि वॉर्सा करारही गुंडाळला गेला.