दिवाळीची नानकटाई: सगळी करामत तुपाची

आमच्याकडे दिवाळीच्या फराळात पहिला नंबर नानकटाईचा. कढई गॅसवर चढायच्या आधी ओव्हन तापतो, कारण नीट झाकून ठेवली तर नानकटाई दोन-तीन आठवडे मजेत टिकते. शिवाय वसुबारसेला आमच्या घरी गाईचं दूध-तूप वर्ज्य असतं, म्हणून हे काम मी त्याच्या आधीच हातावेगळं करते.

प्रमाण वजनी घ्या. वाटीत मैदा कधी दाबून भरला जातो, कधी सैल, आणि नानकटाईला तेवढाही फरक चालत नाही. मैदा १७५ ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम आणि साजूक तूप १५० ग्रॅम. पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलचीपूड आणि वरून किसलेलं थोडं जायफळ. सोडा सढळ हाताने घालू नका, खाताना साबणासारखी चव लागते. एवढ्यात पंचविसेक नानकटाया होतात.

आता तूप. बटर घेऊ का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नका घेऊ. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ते मैद्याला लागलं की पिठाला चिवटपणा येतो. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, म्हणून तर नानकटाई जिभेवर विरघळते. पीठ मळताना दूध किंवा पाणी घालायचं नाही, तेही याच कारणासाठी. डालडा घट्ट राहतो, त्यामुळे त्यातली नानकटाई आकार छान धरते हे खरं, पण टाळूला जो मेणचट थर बसतो तो मला सोसत नाही. लोणी कढवताना बेरी बदामी होईपर्यंत धीर धरलात, तर त्या तुपाचा खमंगपणा थेट नानकटाईत उतरतो.

तूप पातळ नको. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते बरणीत वितळलेलंच असतं, म्हणून मोजून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे, पण जोर लावावा लागता कामा नये. मग ते परातीत घ्या आणि तळहाताच्या टाचेने फेसायला लागा. आधी रवाळ कण हाताला टोचतात आणि रंग पिवळट असतो. काही मिनिटांत कण विरतात, तूप पसरायला लागतं, तळहाताखाली पचपच आवाज येतो आणि रंग पांढऱ्याकडे झुकतो. आता पिठीसाखर दोन-तीनदा करून घाला आणि फेसत राहा, गोळा हाताला हलका लागेपर्यंत. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं जातात. ती वाचवू नका. या फेसण्यात जी हवा कोंडली जाते, तिनेच नानकटाई खुसखुशीत होते.

मैदा, बेसन, बेकिंग पावडर, सोडा, मीठ एकत्र चाळून घ्या. त्यात रवा, वेलची, जायफळ मिसळा आणि हे सगळं तुपात बोटांच्या टोकांनी कालवा. कणकेसारखं मळायचं नाही, गोळा जमला की थांबायचं. फुटत असेल तर चमचाभर तूप घाला. सैल वाटला तर मैदा वाढवू नका, पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा.

वीस-वीस ग्रॅमचे गोळे करून किंचित चपटे करा, मधे अंगठ्याने दाबून चारोळी किंवा पिस्ता बसवा. दोन गोळ्यांत दोन बोटांची जागा सोडा. ओव्हन १६० अंशांवर तापेपर्यंत ट्रे फ्रीजमध्येच राहू दे. मधल्या खणात १६ ते १८ मिनिटं. वरून लाल व्हायची वाट पाहू नका. चिरा पडल्या आणि तळाची कड बदामी झाली की झालं. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊच असते आणि उचलली तर तुटते. गार होईपर्यंत ट्रेवरच राहू द्या.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा. इथे आच फक्त खालून असते, त्यामुळे वरून फिकी दिसेल, चवीत कमी नसते. आमच्या लहानपणी कुठे ओव्हन होते! डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून आम्ही तूप-साखर-मैदा बेकरीत नेऊन द्यायचो आणि भट्टीतून आलेली नानकटाई संध्याकाळी घरी आणायचो. गावातल्या बेकरीत अजून अशी भाजून देत असतील, तर मोठ्या घाण्याला तोच मार्ग सोपा.

ओव्हन तापलेलाच असतो, म्हणून पाठोपाठ एक रवा केकही होतो. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, अर्धी वाटी दूध, पाव वाटी पातळ तूप कालवून अर्धा तास मुरू द्या. मग एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा घाला आणि १८० अंशांवर ३०-३५ मिनिटं ठेवा. हा मात्र दोन दिवसांत संपवायचा.

नानकटाई पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, कोमट भरली की वाफ धरून मऊ पडते. चिवड्याच्या किंवा चकलीच्या डब्यात तिला कधीच घालू नका, तुपाला मसाल्याचा वास लगेच लागतो.