शाळेत मुलांचं नैराश्याचं स्क्रीनिंग करायचंय? आधी हे ठरवा

नागपुरात शाळा-कोचिंगमध्ये समुपदेशक म्हणून नव्याने लागलेले विचारतात, "मॅडम, प्रश्नावली कोणती घेऊ?" मी उलट विचारते, दुपारी एखादं लेकरू धोक्यात दिसलं तर कुठे नेणार? मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात कोणाला गाठायचं, सोबत कोण जाणार, हे ठरलं नसेल तर फॉर्म वाटूच नका. शनिवारी तर नाहीच. पुढचा रविवार पोरगं एकटं काढतं.

प्रश्नावली म्हणाल तर नैराश्याची लक्षणं मोजणारी पीएचक्यू-९ चालते, तिची किशोरांसाठीची आवृत्तीही आहे. पालकांची परवानगी आधी घ्या, मुलाचीही तयारी हवी. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की सविस्तर बोलायचं. पण बेरीज मागाहून. आधी नववा प्रश्न बघा: मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार. बेरीज ४ असली तरी तिथे 'काही दिवस' या पर्यायावर खूण दिसली, तर त्याच दिवशी भेट. फॉर्म वर्गशिक्षकांकडे द्यायला लावले की मुलं सगळीकडे शून्य लिहून मोकळी होतात. स्वतः गोळा करा.

भेटीत आडवळण नको. अकरावीतला एक मुलगा बॅगेची चेन मागे-पुढे करत म्हणाला, "काही नाही जी, झोप होऊन नाही राहिली." "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यावर चेन थांबली, मग "हो". असं विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. त्याच्या बाबांना फोन त्याच्यासमोरच लावला. ते गोंदियाकडचे शेतकरी. न्यायला या, एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध आजच कुलपात ठेवा, एवढंच आधी सांगितलं. मार्कांचा विषय काढू दिला नाही.

१०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. तरी रुजू होण्याआधी काम लेखी घ्या. काही क्लासवाले अ‍ॅडमिशनच्या टेबलावर बसवतात.

रेफर केलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा, आठवड्याने पुन्हा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो फॉर्मच्या खाली सगळ्यांसाठीच छापा, म्हणजे कोणी वेगळं पडत नाही.